सुमनताई आणि न वाचता सही करणारे शेठ

सुमनताई गांगुर्डे दर रविवारी सिनेमा बघायच्या, पण सोमवारी त्याची गोष्ट कधी सांगायच्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारलंच, "काय ताई, कसा होता कालचा?" तर भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायच्या, "चांगला होता. पण त्या माणसाचं चुकलं कुठे ते सांगू का?" मग ज्या माणसाबद्दल बोलायच्या तो हिरो नसायचा आणि व्हिलनही नसायचा. हिरोच्या घरचा ड्रायव्हर असायचा, इस्पितळातली नर्स असायची, पोलीस चौकीत मागच्या टेबलावर काहीतरी लिहीत बसलेला हवालदार असायचा. आम्हाला तो माणूस सिनेमात होता हेच आठवत नसे.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही एकत्र होतो. मी सत्तरच्या दशकाच्या मध्याला तिथे प्लॅनिंग खात्यात कारकून म्हणून लागलो, तेव्हा त्या तपासणी खात्याच्या प्रमुख होत्या. कारखान्यात बॉयलरवर बसवायचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनत. बॉयलरमध्ये वाफेचा दाब हद्दीबाहेर गेला की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. तो वेळेवर उघडला नाही तर बॉयलर फुटतो. आमचा बराचसा माल साखर कारखान्यांना जाई, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हच्या आसपास दिवसभर माणसं वावरणार. सुमनताई हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. नंतर पुन्हा कधी सांगत नसत.

त्या या खात्यात वरून आलेल्या नव्हत्या. पॅकिंगमध्ये लागल्या, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन परीक्षा दिल्या आणि एकेक पायरी चढल्या. ठेंगण्या, सावळ्या, चष्म्याला काळा दोरा. एप्रनच्या खिशात एक लहानशी पितळी हातोडी. ओतीव भाग, ज्याला आम्ही कास्टिंग म्हणायचो, ते हातात घेऊन त्यावर हातोडीची हलकी टिचकी मारायच्या आणि मान तिरकी करून ऐकायच्या. आत पोकळी किंवा तडा असेल तर आवाज बसका येतो. मला तो फरक इतक्या वर्षांत कधी कळला नाही.

त्यांचे वडील जुन्या नाशकातल्या एका थिएटरवर डोअरकीपर होते. शाळा सुटली की ही मुलगी डबा घेऊन तिथे जायची आणि घरी न्यायला कुणी नसल्यामुळे खेळ संपेपर्यंत मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. एकच सिनेमा चाळीस-चाळीस वेळा. "पहिल्यांदा बघताना हिरो दिसतो, देवरे," त्या मला एकदा म्हणाल्या. "पाचव्यांदा त्याचं घर दिसतं. दहाव्यांदा मागे चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला नोकर दिसतो. आणि मग कळतं, ह्याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, पण ह्याला कुणी विचारलंच नाही."

ही नजर त्या कारखान्यात वापरायच्या. एक काळ असा आला की व्हॉल्व्हचं धड एका लॉटचं आणि टोपण दुसऱ्याच लॉटचं, अशी जुळणीत सरमिसळ होऊ लागली. तक्रार आली तर मूळ कुठे शोधायचं ते कळेना. यावर दोन मीटिंगा झाल्या, तक्ते निघाले. सुमनताई शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "जत्रेत हरवलेल्या भावांचं काय करतात पिक्चरमध्ये? दोघांच्या गळ्यात एकसारखं लॉकेट घालतात. आपण घालू या." दुसऱ्या दिवसापासून धडावर आणि टोपणावर एकच नंबर ठोकला जाऊ लागला. कामगार त्या नंबराला लॉकेटच म्हणायचे. पुण्याहून ऑडिटला आलेल्या एका गृहस्थांनी वहीत 'लॉकेट नंबर' असं लिहून घेतलेलं मी पाहिलं आहे.

"इंटरव्हलपर्यंत सगळ्यांचंच बरं चाललेलं असतं," हे त्यांचं एक ठरलेलं वाक्य. नवीन मशीन आलं, नवीन साहेब आले, मोठी ऑर्डर मिळाली, पेढे वाटले गेले की त्या पेढा खात आणि हे वाक्य म्हणत. यात खवचटपणा नसे. पेढा त्या आवडीने खात.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा मोठ्या साहेबांनी कारभार मुलाकडे दिला. प्रकाशसाहेब हुशार होते, मेहनती होते आणि परदेशात शिकून आलेले होते. त्यांनी कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी वेगळी काचेची खोली, थंड हवेचं यंत्र, जमिनीवर गालिचा. दारात पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. सगळा कारखाना रांगेने ती खोली बघून आला. सुमनताईही आल्या. बाहेर येऊन चपला घालता घालता मला म्हणाल्या, "खोली छान आहे. पण चपला बाहेर काढल्या की माणूस प्रश्न विचारायचं विसरतो. लक्ष ठेवा."

मुंबईहून एक सल्लागार आले होते. त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. मागच्या पाच वर्षांच्या तपासणीच्या नोंदी यंत्रात भरल्या आहेत. कुठल्या पुरवठादाराचा माल किती वेळा नापास झाला, कुठे किती छिद्रं निघाली, सगळं. त्यावरून यंत्र स्वतः अंदाज बांधेल. येणाऱ्या प्रत्येक लॉटला अ, ब किंवा क अशी खूण देईल. 'क' म्हणजे प्रत्येक नग तपासा. 'ब' म्हणजे थोडे तपासा. 'अ' म्हणजे तपासायची गरज नाही. "याला म्हणतात आर्टिफिशियल इंटेलिजन्स," ते म्हणाले. "कृत्रिम बुद्धी."

सुमनताईंनी हात वर केला. "कृत्रिम म्हणजे, बेन्टेक्सचे दागिने असतात तसं का साहेब?"

लोक हसले. सल्लागारही हसले. "तसंच समजा, बाई."

"मग हरकत नाही. लग्नात घालायला उत्तम असतात. फक्त ते खरे नाहीत हे घालणाऱ्याला ठाऊक पाहिजे."

पहिल्याच महिन्यात यंत्राने चांदवडच्या बाबूराव सोनवण्यांच्या लॉटला 'क' दिला. हायवेच्या कडेला बाबूरावांचा ओतकामाचा छोटा कारखाना होता. पंधरा वर्षं ते आम्हाला कास्टिंग देत होते. सुमनताईंचा त्यांच्या मालावर पूर्ण भरवसा. त्यांनी कागद वाचला आणि चेहरा लाल झाला. "बाबूरावांना क? या खोक्याला काय कळतंय?" त्यांनी त्या लॉटमधले दहा-बारा नग उचलून टिचकी मारून ऐकले आणि सगळा लॉट स्वतःच्या सहीने पास केला. तयार व्हॉल्व्हची दाबावरची तपासणीही मग नमुन्यापुरतीच झाली. प्रकाशसाहेबांनी अडवलं नाही. सुमनताईंच्या कानाला अडवायची कुणाची छाती नव्हती.

तो लॉट परत आला. साखर कारखान्याने बसवण्याआधी पाण्याच्या दाबावर तपासणी केली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण बऱ्याच नगांतून पाणी झिरपत होतं. कापून पाहिले तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं.

त्या दिवशी सुमनताई जेवल्या नाहीत. दुपारी उठल्या, काचेच्या खोलीपाशी गेल्या, चपला काढल्या आणि आत जाऊन ऑपरेटर मुलीला म्हणाल्या, "तुझ्या यंत्राचं बरोबर होतं. माझं चुकलं." काचेपलीकडे आम्ही चार-पाच जण उभे होतो. त्यांनी आम्हालाही आत बोलावून तेच वाक्य परत म्हटलं. मग तपासणीच्या रजिस्टरमध्ये आपल्या अक्षरात लिहिलं, की यंत्राची सूचना डावलून मी हा लॉट पास केला आणि तो सदोष निघाला. खाली पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीने चांदवडला गेल्या. बाबूराव खाटेवर बसले होते. आम्हाला पाहताच त्यांनी ओळखलं, कशासाठी आलो ते. "ताई, तुमाला सांगायची लाज वाटली मला," ते म्हणाले. "माजा नारायण ओतारी चार म्हयने झाले पडून हाय. कंबरच गेली त्याची. त्याचं पोरगं त्याच्या जागी हात बसवतंय अजून. लय खराब माल गेला का?"

"चार महिन्यांपूर्वीच सांगायचं होतंत, बाबूराव."

"तुमी कधी इचारलं नाय, ताई. तुमी म्हनायच्या, बाबूरावचा माल हाय, येऊ द्या."

सुमनताई तशाच उठल्या. नारायणच्या घरी गेल्या, त्याच्या उशाशी बसल्या आणि साच्याच्या वाळूत ओल किती ठेवायची हे त्या पोराला नारायणच्या तोंडून पुन्हा सांगायला लावलं. परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "छिद्रं चार महिने वाढतच होती, देवरे. आमच्याच रजिस्टरमध्ये होती. यंत्राने ती मोजली. मी कास्टिंग ऐकतच नव्हते. मी बाबूरावांचं नाव ऐकत होते."

खरी अडचण यानंतर आली. प्रकाशसाहेबांना सल्लागारांचं बोलणं आता शंभर टक्के पटलं. बाईंचा कान चुकतो, यंत्र चुकत नाही. मग तयार व्हॉल्व्ह दाबावर तपासण्याचा जो बेंच होता, तो तरी कशाला हवा? बेंचवर सहा माणसं होती. त्यांना महिनाअखेर कमी करायचं, ज्याचे सगळे भाग 'अ' खुणेचे तो तयार माल सरळ गाडीत चढवायचा, असं ठरत आलं. अंतिम मीटिंगला सुमनताईंना बोलावलं होतं ते केवळ रीत म्हणून. नुकत्याच तोंडावर पडलेल्या माणसाने काय बोलायचं, असा सगळ्यांचा भाव. कागदपत्रं घेऊन मी कोपऱ्यात बसलो होतो.

"यंत्र काढा असं मी म्हणणार नाही," त्यांनी सुरुवात केली. "ते माझ्यापेक्षा चांगलं मोजतं, हे मी लिहून दिलंय. मला एक सांगा साहेब, हिंदी सिनेमा बघता ना?"

प्रकाशसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "बघायचो पूर्वी."

"त्यात शेठ असतो. मोठा बंगला, जिना, पायथ्याशी पियानो. त्याचा मुनीम कागद घेऊन येतो. म्हणतो, सेठजी, यहाँ साइन कर दीजिए. शेठ फोनवर बोलता बोलता सही करतो. इंटरव्हलनंतर शेठ रस्त्यावर. खरं ना?"

"खरं. पण कॉम्प्युटर काही लबाड मुनीम नाही, गांगुर्डेबाई."

"तेच तर सांगतेय. सगळं थिएटर त्या मुनिमाला शिव्या घालतं. मी तो प्रसंग चाळीस वेळा बघितलाय. मला मुनिमाचा राग येईनासा झाला. कागद टेबलावर होता. शाई होती. शेठला वाचता येत होतं. मुनीम देवमाणूस असता आणि त्याची नुसती बेरीज चुकली असती, तरी शेठ रस्त्यावरच आला असता."

सल्लागार म्हणाले, "मग तुमचं म्हणणं काय?"

"सोपं आहे. 'अ'च्या प्रत्येक कागदाखाली एका माणसाची सही हवी. 'हा माल न तपासता पाठवायला माझी हरकत नाही', एवढंच वाक्य आणि खाली नाव."

"कुणाची सही?"

"ज्याचा 'अ'वर विश्वास आहे त्याची. बेंच बंद करायचा हुकूम जो देईल त्याची."

सल्लागारांनी आपलं पेन टोपण लावून खिशात ठेवलेलं मी पाहिलं. प्रकाशसाहेब जरा रागानेच म्हणाले, "ठीक आहे. मी करीन सही. तीन महिने करीन. तोवर बेंच राहू दे. तीन महिन्यांत काही निघालं नाही तर बंद."

"चालेल," सुमनताई म्हणाल्या आणि बसल्या.

ते कागद रोज सकाळी साहेबांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येक कागद वाचत, एखाद-दुसरा प्रश्न विचारत. दुसऱ्या महिन्यात फोनवर बोलता बोलता सह्या होऊ लागल्या. मी ते सुमनताईंना सांगितलं. त्या दिवसापासून बेंचवरच्या सहा जणांना त्यांनी दुसरंही काम शिकवायला घेतलं. म्हणजे बेंच राहीलच अशी त्यांनाही खात्री नव्हती.

तिसऱ्या महिन्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचं येवल्याला ऑपरेशन निघालं आणि त्या आठवडाभर रजेवर गेल्या. त्या आठवड्यातल्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे कागद नेले. सगळ्यात वरचा कागद एका साखर कारखान्याला जाणाऱ्या चाळीस व्हॉल्व्हच्या लॉटचा होता. खूण 'अ'. गाडी दारात लागलेली. प्रकाशसाहेब फोनवर होते. डाव्या हातात रिसीव्हर, उजव्या हातात पेन. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. "नंतर करतो," असं म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला.

"देवरे, काल मी किती कागदांवर सही केली?"

"नऊ, साहेब."

"त्यातला एक कुठला होता सांगू शकाल?"

मी दोन-तीन नावं सांगितली.

"मला एकही सांगता येत नाही," ते म्हणाले. मग कोट खुर्चीवर टाकून सरळ खाली बेंचवर गेले. "हे चाळीसच्या चाळीस लावा. मी इथेच उभा आहे."

तेवीस नग ठीक गेले. चोविसाव्याला दाबाचा काटा लाल रेघेवर आला, पुढे सरकला, आणखी पुढे गेला. व्हॉल्व्ह उघडेना. बेंचवरच्या माणसाने पंप बंद केला. चाळिसांत असे पाच निघाले. कारण संध्याकाळपर्यंत कळलं. व्हॉल्व्हमधली स्प्रिंग देणाऱ्याने नेहमीची तार संपली म्हणून काही नगांना दुसरी, जास्त ताठ तार वापरली होती आणि जुन्याच नंबराने माल पाठवला होता. त्याच्या पाच वर्षांच्या नोंदी स्वच्छ होत्या, म्हणून यंत्राने 'अ' दिला होता. दारातली गाडी रिकामी परत गेली.

सुमनताई सोमवारी आल्या. प्रकाशसाहेब स्वतः त्यांच्या टेबलापाशी गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता त्या काहीतरी सुनावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "सही केली होती?"

"नाही."

"मग झालं तर." पुढे म्हणाल्या, "यंत्राला बोल लावू नका साहेब. त्याला कालपर्यंतचं ठाऊक होतं. तार आज बदलली. तार कुठली वापरली त्याचा कागद त्याला कुणी दिलाच नव्हता. आता देऊ या."

बेंच राहिला. पण सहा माणसं राहिली नाहीत, हेही सांगायला हवं. चार राहिली. दोघांना काचेच्या खोलीत नोंदी भरण्याचं काम मिळालं, कारण कुठला आकडा खोटा वाटतो हे त्यांना बेंचवरच्या अनुभवाने कळत होतं. सुमनताईंनी सहाही जणांसाठी भांडून पाहिलं होतं. एक माणूसही घरी गेला नाही, याचं समाधान त्यांनी मानलं की नाही, ते मला कधी कळलं नाही. त्यांची पितळी हातोडी पुढेही चालत राहिली, पण आता आधी यंत्राचा कागद वाचायच्या, मग टिचकी मारायच्या. कागदाचं आणि कानाचं जुळलं नाही की खुशीत यायच्या. "आता चौकशीला जागा आहे," म्हणायच्या.

दोनेक वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करायला त्यांनी ठाम नकार दिला.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. नाशिकहून पुण्याला जाणाऱ्या व्हिडिओ कोचमध्ये मी मागे बसलो होतो. तेव्हा या गाड्यांत पुढे टीव्ही लावून सिनेमा दाखवायचे. घाटात गाडी अडकल्यामुळे सिनेमा उशिरा सुरू झाला आणि शिवाजीनगर आलं तेव्हा ऐन रंगात होता. नायिकेचा खटला उभा राहिलेला, साक्षीदार दार ढकलून आत येणार, एवढ्यात ड्रायव्हरने बटण बंद केलं. सगळी गाडी ओरडली. क्लीनर म्हणाला, "उतरा उतरा, पुढची ट्रिप हाय."

लोक चरफडत उतरले. मी बॅग घेऊन खाली आलो तर फुटपाथवर पंधरा-वीस माणसांचं कोंडाळं. मध्ये पिशवी पायांशी ठेवून सुमनताई उभ्या. त्या याच गाडीत पुढे होत्या, हे मला तेव्हा कळलं. त्या लोकांना सिनेमाचा शेवट सांगत होत्या. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. साक्षीदार आत येतो, पण कोर्ट त्याचं ऐकत नाही. मग मागच्या बाकावर बसलेली मोलकरीण उभी राहते. जज्ज तिला विचारतात, तू इतके दिवस का बोलली नाहीस? एक बाई कडेवरचं मूल सावरत पुढे सरकली. हमाल डोक्यावरचा बोजा तसाच ठेवून ऐकत होता. क्लीनरही पायरीवर येऊन थांबला होता.

मला गर्दीतून पुढे जायचं होतं, पण रिक्षावाला घाई करत होता. वळणावरून मागे पाहिलं तर कोंडाळं तसंच होतं.

पुढे तो सिनेमा मी थिएटरात पूर्ण पाहिला. कोर्टात एकही मोलकरीण नव्हती. साक्षीदार येतो, दोन वाक्यं बोलतो आणि खटला संपतो. मी खुर्चीत बसून राहिलो. फुटपाथवरचा शेवट जास्त बरोबर होता.